रणमार्तंडाचा जामीन

माझ्या कादंबरीतला गड सगळ्यांना आवडला. गडावरचं टाकं आवडलं, दरवाजावरचं शेवाळ आवडलं, करवंदाच्या जाळ्या आवडल्या. खिंडीतून वर येणारं धुकं तर आमचे शेजारी बाळ मास्तर यांना इतकं आवडलं की ते प्रकरण वाचताना त्यांनी उपरणं कानांभोवती गुंडाळून घेतलं. आवडला नाही तो फक्त नायक. नायिकाही कोणाला फारशी आवडली नव्हती, पण तिच्याबद्दल लोक निदान हळहळत तरी. नायकाचं नाव काढलं की समोरचा माणूस घसा खाकरायचा आणि यंदा आंबा कसा आहे ते विचारायचा.

याचं मला इतकं लागलं नसतं, पण सरदार रणमार्तंड हा मी स्वतःवरून बेतला होता. म्हणजे तलवार, घोडा आणि उंची सोडून. बाणेदारपणा, विचारांची खोली, स्त्रीदाक्षिण्य वगैरे बाकीचा माल घरचाच होता.

कादंबरीचं नाव 'प्रणयखड्ग अथवा गडावरील अश्रू'. सन चोवीसची गोष्ट. ऐतिहासिक कादंबरी घरात बसून लिहू नये, जागच्या जागी जाऊन लिहावी, हा सल्ला बाळ मास्तरांचा. ते शाळेत ड्रॉइंग शिकवतात, आणि समोर सुरई ठेवल्याशिवाय सुरई काढता येत नाही असा त्यांचा सिद्धान्त आहे. म्हणून मी आठ महिने रविवारमागून रविवार लोणावळ्याहून कामशेतला गाडीनं, तिथून पुढे बैलगाडीनं, असा शिळवंडीला जात होतो. शिळवंडी हे गडाच्या पायथ्याचं गाव. तिथला हौशीराम मला सगळीकडे हिंडवायचा आणि प्रत्येक झाडाचं, ओढ्याचं, खाचराचं नाव सांगायचा. ते मी वहीत टिपून घ्यायचो. गावाचं नावदेखील बदललं नाही. शिळवंडी ती शिळवंडी. कलावंतानं सत्याशी प्रतारणा करू नये असं माझं त्या वेळी मत होतं.

घरी आलो की मी लिहायचो आणि सौ. अनसूया त्याची सुवाच्य प्रत करायची. तिचं अक्षर मोत्यासारखं आहे. माझं डॉक्टरलोकांनासुद्धा लागत नाही. चारशे बारा पानं तिनं उतरवली. मध्ये मध्ये मी विचारायचो, "झालं का पान?" ती म्हणायची, "झालं." साहित्यिकाच्या घरात याहून जास्त बोलण्याची गरज नसते, असंही माझं त्या वेळी मत होतं.

मास्तरांनी हस्तलिखित वाचलं आणि नायकाला सुधारण्याचे उपाय सुरू केले. आधी म्हणाले, त्याला एखादी जखम द्या, लोकांना कणव येते. मी दंडाला जखम दिली. पुन्हा वाचून म्हणाले, आता तो जखमेबद्दलच बोलत राहतो, त्यापेक्षा घशाला द्या. मग म्हणाले, त्याला एक म्हातारी आई द्या. तिसऱ्या खेपेला हळूच म्हणाले, "शरच्चंद्र, तो तिसऱ्या प्रकरणात पडला तर? गड आहेच की. गडावर चालेल पुढचं." त्यानंतर पंधरा दिवस मी मास्तरांशी फक्त नमस्कारापुरता संबंध ठेवला.

पुण्याच्या एका प्रकाशकांना मात्र पुस्तक पसंत पडलं. नायकाविषयी त्यांनीही पत्रात चकार शब्द काढला नव्हता, पण दसऱ्याला छापतो म्हणाले. अट एकच. मी नोकरदार माणूस, तेव्हा श्रावण लागायच्या आत माझ्या कचेरीची लेखी परवानगी हवी. नाहीतर माझ्या जागी दुसरं बाड तयार होतं.

आमच्या कचेरीचं नाव मी सांगत नाही. पेन्शनीला अजून अकरा वर्षं आहेत. मी अर्ज केला. महिन्यानं पृच्छा आली: सदर पुस्तकातील व्यक्ती हयात आहेत काय? मी नम्रपणे कळवलं की गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची असल्यामुळे त्या हयात असण्याचा संभव कमी. त्यावर उत्तर आलं: तसे असल्यास मृत्यूचे दाखले जोडावेत. मी कळवलं की त्या व्यक्ती काल्पनिक असून कधी जन्मलेल्याच नाहीत. यावर कचेरी तीन आठवडे विचारात पडली. मग हेडक्लार्कनी मला बोलावून चष्म्याच्या वरून पाहिलं. "माणसं काल्पनिक आहेत, ठीक. गाव?"

"गाव खरं आहे."

"मग गावाची हरकत नसल्याबद्दल पाटलाचा दाखला आणा. उद्या गावानं तक्रार केली तर साहेब मला विचारणार."

सत्याशी प्रतारणा न करण्याचे असे परिणाम होतात. ज्येष्ठ संपत आला होता. श्रावणाला एक महिना उरला होता आणि माझे आठ महिने आता एका पाटलाच्या शिक्क्यावर येऊन अडकले होते.

शिळवंडीचे रखमाजी पाटील सरळ माणूस. मी दाखल्याचा मजकूर लिहूनच नेला होता. त्यांनी तो कागद उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "बाबूसाहेब, आमची हरकत न्हाई आसं ह्यात हाय. पर हरकत घेन्यासारकं काय हाय ते कळल्याबिगर न्हाई कसं म्हनावं?"

"तसं काही नाही हो पुस्तकात."

"मंग वाचूनच दावा. येत्या अवसेला बैल जुपत न्हाईत, समदी मान्सं रिकामी आस्त्यात. देवळात बसू. आमच्या गावाचं जेवडं हाय तेवडंच वाचा."

ही कल्पना मला मनातून फार आवडली. शिकलेल्या लोकांना रणमार्तंड कळला नसेल. या साध्या, रांगड्या, इतिहासाच्या कुशीत वाढलेल्या माणसांना तो नक्की कळेल, असं वाटलं. अनसूयेलाही बरोबर घेतलं, कारण सुवाच्य प्रतीतसुद्धा काही ठिकाणी माझ्या दुरुस्त्या होत्या आणि त्या फक्त तिलाच लागत.

अवसेला दुपारी भैरवनाथाच्या देवळात गाव जमलं. पुरुष पुढे, बाया खांबांच्या मागे, बाहेर भुरभुर पाऊस. मी घसा साफ केला आणि सुरू केलं. गडाचं वर्णन आलं तशा माना डोलायला लागल्या. टाक्याचं वर्णन आलं तेव्हा एक म्हातारा म्हणाला, "आक्षी बरूबर." रोपांसाठी राब भाजतानाचा धूर, खेकडे धरायच्या जागा, ओढ्याचं वळण, सगळ्याला दाद मिळाली. हौशीराम तर प्रत्येक झाडाच्या नावाला "ह्ये म्या सांगितलं," असं शेजाऱ्याला कळवत होता. मी खुशीत येऊन नवव्या प्रकरणाला हात घातला.

त्यात आषाढातल्या संध्याकाळी चंद्रकलेच्या भेटीसाठी अधीर झालेला रणमार्तंड घोडा फेकतो. वाक्य माझ्या विशेष आवडीचं होतं: 'पिंपळाच्या दक्षिणेकडील भातखाचरातून, कोवळी रोपे तुडवीत, चिखलाचे तुषार मोत्यांप्रमाणे उधळीत तो प्रेमवीर वायुवेगाने निघाला!'

मी दाद घ्यायला थांबलो.

"कंचं खाचर म्हनला?" खांबामागून एका बाईनं विचारलं.

"पिंपळाच्या दक्षिणेचं," मी म्हणालो.

"आवं, त्ये आमचं हाय!"

ही सरुबाई. साठीची, वाळकी, आवाज मात्र गडाच्या बुरुजावरून हाक मारता येईल असा. ती उठून पुढे आली आणि पाटलांसमोर बसली. "पाटील, आमच्या मालकाच्या पंज्यापासनं त्ये खाचर आमच्याकडं हाय. लावनी झालेल्या रोपातनं घोडा घातला ह्या मान्सानं."

मी हसून समजावलं की मावशी, हे काल्पनिक आहे.

"घोडा काल्पनिक आसंल," पाटील गंभीरपणे म्हणाले, "खाचर खरं हाय न्हवं?"

मला मान डोलवावी लागली.

"आन् परत कुटनं आला त्यो?" सरुबाईनं विचारलं.

मला खोटं बोलता येत नाही. शिवाय समोर प्रत होती. परतही तो तिथूनच आला होता. पुढे अकराव्या प्रकरणात रुसवा काढायला गेला तोही तिथूनच. चौदाव्यात पुन्हा जाऊन आला. हौशीराम बोटं दुमडत मोजत होता. "पाच येळा," त्यानं जाहीर केलं. "येका हंगामात पाच येळा! आन् बांध हाताच्या अंतराव हाय. म्या सोता दावला हुता बाबूसाहेबांना."

"प्रेमात माणसाला बांध दिसत नाहीत," मी जरा चढ्या आवाजात म्हणालो. हे वाक्यही मला आवडलं होतं आणि मी ते पुढच्या आवृत्तीसाठी मनात टिपूनही ठेवलं.

"बांध दिसत न्हाईत, रोप दिसत न्हाई," सरुबाई म्हणाली, "मंग ती पोर तरी दिसती का त्याला? काय म्हनती ती? मगाधरनं त्योच बोलतुया."

"ती... उसासे टाकते."

"आवं, पर म्हनती काय?"

मी पानं चाळू लागलो. चंद्रकला काहीतरी म्हणाली असल्याचं मला पक्कं आठवत होतं. तेवढ्यात सरुबाईची नजर प्रतीवर गेली. "ह्ये देखनं आक्षर कुनाचं?"

"हिचं," मी अनसूयेकडे बोट दाखवलं.

"समदं हिनंच लिवलंय? मंग वैनीलाच इचारा की पाटील, कसा गडी हाय त्यो. तिच्या हातनं गेलाय समदा."

पाटलांना हे पटलं. साक्षीदार मिळाल्यावर गावकीला हुरूप येतो. अनसूया पदर सावरून बसली होती. मी तिच्याकडे आश्वासक नजरेनं पाहिलं. अकरा वर्षांचा संसार. ही आपली बाजू राखणार याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती.

ती खाली मान घालून म्हणाली, "शूर आहे. बोलतो छान. पण चारशे बारा पानांत त्यानं तिला एकदाही काही विचारलेलं नाही."

"येकदा बी न्हाई?"

"नाही. जेवलीस का, थकलीस का, येतेस का, तुला काय वाटतं, काहीच नाही. सगळं सांगतो फक्त. बारा वर्षं तिला दरवाजाशी थांबवून परत आला, तर पाच पानं स्वतःच्या जखमेबद्दल बोलला. ती पाच पानं लिहिताना माझा हात फार दुखत होता."

खांबांमागच्या बायांमधून एक लांबलचक हुंकार आला. मी आयुष्यात अनेकदा पडलो आहे, एकदा तर चालत्या टांग्यातून पडलो आहे. पण त्या देवळात बसल्या जागी जितका पडलो तितका कधी पडलो नाही. वाईट याचं वाटलं की ती रागानं बोलत नव्हती. विचारलं म्हणून सांगत होती.

गावकीनं निकाल दिला. गावची रीत अशी की ज्याचं जनावर कोणाच्या रोपात शिरेल त्यानं येऊन स्वतःच्या हातानं रोप लावून द्यायचं. घोडा रणमार्तंडाचा. रणमार्तंड हजर नाही. "मंग ह्या गड्याचा जामीन कोन?" पाटलांनी विचारलं, आणि सगळं देऊळ माझ्याकडे पाहू लागलं.

पाटील भला माणूस. त्यांनी दुसरा मार्गही सुचवला. "न्हाईतर आसं करा बाबूसाहेब. घोडा बांधावरनं काढा. दोन शबुद खोडायचे. आत्ता दाखला देतो."

दोन शब्द! दाखला समोर होता, शिक्का पाटलांच्या कमरेला होता. पण मी लेखक आहे. एका शेतकी कारणासाठी 'चिखलाचे तुषार मोत्यांप्रमाणे' खोडायचे? मी छाती पुढे काढून म्हणालो, "एक अक्षर बदलणार नाही. लावणी करीन."

रणमार्तंड माझ्या जागी असता तर हेच म्हणाला असता. फरक इतकाच की पुढच्या प्रकरणात त्याला वाकावं लागलं नसतं.

आषाढात लावणीचा निरोप आला तसे आम्ही शनिवारी दुपारीच शिळवंडीला जाऊन राहिलो आणि रविवारी उजाडताच खाचरात उतरलो. खरं म्हणजे मी एकटा उतरणार होतो. बांधावर उभी राहून अनसूया म्हणाली, "मीही येते," आणि मी काही बोलायच्या आत नऊवारी खोचून, डोक्यावर सरुबाईनं दिलेलं इरलं घेऊन, बायांच्या ओळीत जाऊन उभी राहिली.

पहिल्या पावलाला माझा पंपशू चिखलात गेला. त्याला काढायला वाकलो तो दुसरा गेला. दोन्ही अजून तिथेच आहेत. रोपाची जुडी हातात घेऊन मी पहिलं रोप लावलं, ते कोपरापर्यंत लावलं.

"बाबूसाहेब, लावताय का पुरताय?" सरुबाई ओरडली.

मग वर लावायला लागलो तर रोपं तरंगत हौशीरामकडे जायची. शेवटी पाटलांनी हौशीरामला माझ्या मागे ठेवलं. मी लावलेलं तो उपटायचा आणि पुन्हा लावायचा. तासाभरानं मला माझा अंगठा एका खेकड्याच्या ताब्यात सापडला. त्या प्रसंगी मी जो शब्द उच्चारला तो ऐतिहासिक कादंबरीत चालत नाही. दहाच्या सुमारास बाळ मास्तर स्केचबुक घेऊन बांधावर हजर झाले. मुद्दाम लोणावळ्याहून आले होते. त्यांचा सिद्धान्त मी वर सांगितलाच आहे.

दुपारपर्यंत माझी कंबर गेली. सरळ उभा राहून मागे पाहिलं, तर एवढं मरून माझ्या वाट्याची जेमतेम दोन ओळी रोपं उभी होती, तीही हौशीरामनं लावलेली. ते वाक्य लिहायला मला अर्धा मिनिट लागलं होतं. त्या अर्ध्या मिनिटात मी किती लोकांच्या कंबरा मोत्यांप्रमाणे उधळल्या हे मला त्या चिखलात उभं राहून कळलं, आणि खरं सांगतो, लाज वाटली. मी हौशीरामला म्हणालो, "गड्या, घोडा बांधावरनंच नेतो."

"आता?" हौशीराम कळवळून म्हणाला. "आता तर समदं लावून हुत आलं!"

पलीकडे बायांची ओळ भराभर मागे सरकत होती. त्यात अनसूया कुठली हे पहिल्यांदा ओळखूच आलं नाही, सगळी इरली सारखीच. मग तिचं हसणं ऐकू आलं. सरुबाईला ती काहीतरी सांगत होती, आणि सरुबाई हातातली जुडी टाकून हसत होती. पुढे कळलं की अनसूयेचं लहानपणचं निम्मं आयुष्य मामाच्या खाचरात गेलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. अकरा वर्षांत कधी विषयच निघाला नव्हता, म्हणजे मी काढला नव्हता.

दुपारी पाटलांनी दाखला दिला. माझा मजकूर त्यांनी बाजूला ठेवला आणि स्वतः सांगितला, अनसूयेनं लिहिला. 'सदर पुस्तकास मौजे शिळवंडीची हरकत नाही. पुस्तकातील गड, झाडे, पाणी व वाटा बरोबर आहेत. नायकाबद्दल गाव काही बोलू इच्छीत नाही.' खाली शिक्का. हेडक्लार्कनी तो पुढे दोनदा वाचला आणि परवानगी दिली. म्हणाले, इतका स्वच्छ दाखला कचेरीत बऱ्याच दिवसांत आला नव्हता.

पण ते नंतर. त्या संध्याकाळी आम्ही कामशेतला गाडीत बसलो तेव्हा मी अनवाणी होतो, धोतराचा रंग सांगण्यापलीकडे गेला होता आणि मांडीवर दाखला होता. हवं ते सगळं मिळालं होतं. तरी चैन पडेना. अनसूया खिडकीशी बसली होती. तिच्या नखांत चिखल होता. त्याच हातानं तिनं चारशे बारा पानं उतरवली होती, आणि मी त्या हाताकडे आजवर पानापुरतंच पाहिलं होतं.

"तुला," मी म्हणालो. पुढे शब्द सापडेनात. मला, ज्यानं रणमार्तंडाच्या तोंडी सलग पाच पानं घातली त्याला, सापडेनात. "तुला तो खरंच इतका वाईट वाटतो?"

तिनं वळून पाहिलं. "खरंच विचारताय?"

"हो."

"म्हणजे सांगू?"

"सांग."

तिनं पदरानं हात पुसले, नीट मांडी घालून बसली आणि म्हणाली, "पहिल्याच पानावर तो आरशात बघतो ना, तिथपासूनच सुरुवात करते."

मळवली आली, गेली. मी एकदाही मध्ये बोललो नाही. दोनदा तोंड उघडलं होतं, पण मिटलं. ती छान बोलत होती. मला माहीत नसलेल्या माझ्या पुस्तकाबद्दल बोलत होती, आणि मधूनच स्वतःशी हसत होती. गाडी लोणावळ्याला लागली तेव्हा आम्ही तिसऱ्या पानावर होतो.

स्टेशनबाहेर ओळखीचा टांगेवाला उभा होता. माझे पाय सुजले होते, पाऊस होता आणि छत्री एकच होती. मी त्याला नको म्हटलं आणि वळवणच्या बाजूनं जाणारा लांबचा रस्ता धरला. अजून बरंच पुस्तक बाकी होतं.